गाणे कोणाला उद्देशून? : ‘कंदीसा’ आणि विविधतेचा प्रश्न

दुसऱ्या संग्रहाविषयी लिहिताना मराठी समीक्षेला सहसा दोनच निष्कर्ष सुचतात. पहिल्या संग्रहातील वाट कवीने सोडली नसेल तर ‘स्वतःचीच पुनरावृत्ती’ हा आरोप येतो. सोडली असेल तर ‘विविधता’ हे प्रशस्तिपत्र मिळते. वस्तुतः ‘विविधता’ ही संज्ञा वर्णनपर आहे, मूल्यवाचक नव्हे. एका मुखपृष्ठाखाली अनेक रीती एकत्र आल्या एवढेच ती सांगते. त्या का आल्या, एकमेकींशी त्यांचा कोणता व्यवहार होतो आणि त्या व्यवहारात काय हरवते, याविषयी ती मौन पाळते. हे मौन गीतसंग्रहाच्या बाबतीत अधिकच खटकते. छापील कवितेतील रीतिभेद बहुधा एकाच कवीच्या लेखणीतून आलेला असतो. गीतसंग्रहात मात्र तो पुष्कळदा निरनिराळ्या समाजांकडून, निरनिराळ्या प्रसंगांतून उचललेला असतो, आणि उचलण्याच्या या कृतीची मीमांसा केल्याशिवाय संग्रहाची मीमांसा पुरी होत नाही.

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचा ‘कंदीसा’ (टाइम्स म्युझिक, २०००) हा संग्रह या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या या बँडचा पहिला संग्रह १९९३ मध्ये निघाला. त्यात वाद्यसंगीतावर भर होता. १९९७ मधील ‘डेझर्ट रेन’ हे दिल्लीत सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमाचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण होते. स्टुडिओत सिद्ध झालेला दुसरा संग्रह ‘कंदीसा’च. तोवर बँडची घडण स्थिरावली होती. सेन यांची गिटार, चक्रवर्तींचा तबला व आवाज, राहुल राम यांची बेस गिटार व आवाज, आणि अमित किलाम यांचे ड्रम्स. संग्रहात सात रचना आहेत आणि त्यांची भाषिक व्याप्ती चकित करणारी आहे: भोजपुरी, निमाडी, हिंदी आणि केरळातील सीरियन ख्रिस्ती उपासनेतील सीरियाक, शिवाय ‘लीव्हिंग होम’सारखी निव्वळ वाद्यरचना. चित्रपटसंगीताच्या व्यवस्थेबाहेर राहून, चित्रपटाचा आधार नसलेली गाणी मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोचविणाऱ्या थोड्या संग्रहांत त्याची गणना होते. त्याच्या लोकप्रियतेचे कारण सांगताना अर्थातच ‘विविधता’ हाच शब्द पुढे केला जातो.

या विविधतेचे वर्गीकरण करू लागले की पहिली अडचण उभी राहते. अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताचा विचार आदिम, लोक, भक्ती, कला आणि जन अशा कोटींतून करण्याची जी दिशा दिली, ती मराठीत संगीतविषयक लेखनाला शिस्त लावणारी ठरली. त्या चौकटीत ‘कंदीसा’ हे शीर्षकगीत भक्तिसंगीताच्या कोटीत बसेल, ‘मा रेवा’ लोक आणि भक्ती यांच्या सीमेवर राहील. ‘हिल्ले ले’चे काय करावयाचे? ते मोर्चाचे गाणे आहे. ते लोकांत रुजले. पण त्याचा कवी ज्ञात आहे. त्याला जनप्रियता आहे; परंतु ती बाजारातून आलेली नाही. शिवाय बँडने गायिल्यावर ही सर्वच गाणी आपापली कोटी सोडून एकाच कोटीत, म्हणजे मैफलीत किंवा घरी बसून ऐकावयाच्या संगीतात, दाखल होतात. रानडे यांच्या विवेचनात कोटी केवळ स्वरांवरून ठरत नाही. गाण्याचा प्रसंग, गाणारे आणि ऐकणारे यांच्यातील नाते यांवरही ती अवलंबून असते. तेव्हा येथे खरा बदल स्वररचनेत झालेला नाही. तो गाण्याच्या प्रसंगात झाला आहे.

दुसरी उपलब्ध चौकट मर्ढेकरांची. ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये त्यांनी मांडलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे येथे लावून पाहिली तर संग्रहाची बांधणी बरीच उलगडते. भाषा बदलते, आशय बदलतो, तरी गिटारचा नाद आणि तबला-ड्रम्स यांची जोडी कायम राहते. सेन यांच्या वादनातील सतारीची आठवण देणारी वाक्यरचना प्रत्येक गाण्याला एकाच घरात आणून बसवते. शब्दांचा विरोध आणि नादाचा संवाद यांतून समतोल साधला जातो. हे विश्लेषण चुकीचे नाही. मात्र ते जितके नेटके बसते तितकीच शंका वाढते. मर्ढेकरांची लय कलाकृतीच्या आतील घटकांचा हिशेब ठेवते. घटक कोठून आले हे विचारण्याची तिला गरजच वाटत नाही. ‘कंदीसा’च्या बाबतीत नेमका तोच प्रश्न टाळता येत नाही. उलट टोकाला, नेमाडे यांच्या देशीयतेच्या भूमिकेतून पाहणारा समीक्षक या संग्रहाला मुळे तोडलेल्या रोपांची टोपली म्हणून सहज बाजूला सारू शकेल. त्यातही घाई आहे. चार महानगरी वादकांनी भोजपुरी गाणे गायिले एवढ्याने ते कृतक ठरत नाही. कसे गायिले, हे पाहावे लागते.

या दोन टोकांच्या मध्ये एक साधा भाषिक प्रश्न उपयोगी पडतो: गाणे कोणाला उद्देशून आहे? याकोबसन यांनी संदेशनव्यापाराच्या सहा घटकांत ग्राहकाला स्थान दिले आणि संबोधन व आज्ञार्थ ही ग्राहकाकडे रोखलेल्या भाषेची ठळक व्याकरणिक रूपे मानली. ‘कंदीसा’तील तीन प्रमुख गाणी या अर्थाने पूर्णतः संबोधनपर आहेत. एक देवाला आळवते, दुसरे समूहाला साद घालते, तिसरे नदीशी बोलते. ध्वनिमुद्रणात मात्र या तिन्ही संबोधितांच्या जागी एकच ग्राहक येऊन बसतो, विकत घेऊन ऐकणारा श्रोता. संग्रहाची विविधता ही शैलींची नसून अशी तीन संबोधनांची आहे, आणि त्यांतील प्रत्येकाचे श्रोत्याकडे होणारे स्थलांतर वेगवेगळ्या रीतीने घडते. गाण्यागाण्यांतील गुणवत्तेचा फरकही तेथेच आहे.

शीर्षकगीत हे पौर्वात्य ख्रिस्ती उपासनेतील त्रिवार पवित्रतेचे स्तोत्र. देव पवित्र, बलवान पवित्र, अमर पवित्र आणि शेवटी दयेची याचना, एवढाच त्याचा आशय. ‘पवित्र’ या अर्थाच्या त्याच सेमिटिक धातूपासून हिब्रूतील ‘कादोश’ आणि अरबी-उर्दूतील ‘मुकद्दस’ आले आहेत; म्हणजे हा शब्द मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. केरळच्या सीरो-मलबार चर्चने १९६२ पासून उपासनेत मल्याळम स्वीकारली आणि सीरियाक स्तोत्रे बहुतांश भाविकांच्या दृष्टीने ‘न कळता गाण्याची’ वस्तू झाली. बँडच्या गायनाने याच न कळण्याचा आदर राखला आहे. शब्द हिंदीत आणण्याचा मोह झालेला नाही, निवेदनाची पुस्ती जोडलेली नाही. मोजके शब्द पुनःपुन्हा येतात आणि त्यांच्या अर्थापेक्षा उच्चारांची घनता वाढत जाते. (फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराणा’त नेमका याच्या उलट मार्ग धरला: ख्रिस्तकथा त्यांनी ओवीत आणि मराठी श्रोत्याच्या कानात आणून ठेवली. दोन्ही मार्गांची प्रतिष्ठा वेगवेगळी आहे.) श्रोता येथे भाविक होत नाही, परंतु आपण भाविक नाही, दुसऱ्याची प्रार्थना ऐकत आहोत, हे त्याला क्षणभरही विसरता येत नाही. परकेपणाची शिवण उघडी ठेवल्यामुळे हे गाणे संग्रहातील सर्वांत प्रामाणिक गाणे झाले आहे.

‘हिल्ले ले’चे शब्द गोरख पांडेय यांचे. जन संस्कृती मंचाच्या १९८५ मधील स्थापनेपासून त्या संघटनेशी निगडित असलेल्या या कवीने १९८९ मध्ये स्वतःचे आयुष्य संपविले; त्यांची भोजपुरी गीते मात्र सभा-मोर्चांतून गायिली जात राहिली. लोकांची फौज चालू लागली की जग हादरते, असा या गीताचा गाभा. येथे ‘मी’ नाही, ‘तू’ही नाही, आहे तो चालणारा समूह, आणि गाणारा त्याच समूहातला. अशा गीताची रचना गायक आणि साथीदार यांच्या देवाणघेवाणीवर उभी असते. मराठी वाचकाला हे समजून सांगावे लागत नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकात शाहिराइतकेच महत्त्व झीलकऱ्यांना होते. शाहिराने ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी ती उचलून धरावी, यातून मंचावरील ओळ मैदानाची होते. बँडच्या ध्वनिमुद्रणात ही झील वाद्यांनी धरली आहे. ओळ संपते तेथे गिटार आणि तालवाद्ये ती उचलतात, फिरवतात, परत गायकाच्या हाती देतात. कारागिरी म्हणून ही योजना उत्तम आहे. पण समूहाची जागा वाद्यांनी भरल्यावर समूहाला यायला जागा उरत नाही. गीताचा जोर शाबूत राहतो, त्याचे कर्तृत्व मात्र चौघांपाशी थांबते. जाहीर मैफलीत श्रोते ओळ उचलतात तेव्हा तेवढ्यापुरती ही कोंडी फुटते. संग्रहात ती फुटत नाही.

‘मा रेवा’ हे संग्रहातील सर्वांत लाडके गाणे, आणि सर्वांत अडचणीचेही. राहुल राम हे पर्यावरणीय विषशास्त्रात कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेले अभ्यासक. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात ते नर्मदा बचाव आंदोलनात कार्यरत होते, आणि हे निमाडी गीत खोऱ्यातून त्यांच्याबरोबर बँडकडे आले. म्हणजे येथे उचलण्याची कृती कोणा फिरत्या संग्राहकाची नाही. गाणाऱ्यांबरोबर लढ्यात उभे राहिलेल्या माणसाची आहे. हे लक्षात ठेवूनच पुढचे म्हणावे लागते. गीताची संहिता पाहिली तर ती सरळ स्तवनाची आहे: अमरकंटकातून निघालेली आई, तिचे निर्मळ खळाळते पाणी, तिच्या सेवेचे फळ, आणि या सर्वाला वेद-पुराणांचा हवाला. धरण नाही, बुडीत नाही, सरकार नाही. आंदोलनाच्या सभेत हेच भजन गायिले जाते तेव्हा त्याचा अर्थ शब्दांतून येत नाही, प्रसंगातून येतो. ज्या नदीचे वाहणे थांबविण्याचा निर्णय झालेला आहे, त्या नदीला उद्देशून ‘तुझे पाणी वाहत राहते’ असे म्हणणे हाच निषेध. स्तुतीचे क्रियापद तेथे नकाराचे क्रियापद होते. संहितेत एक अक्षरही न बदलता असा अर्थपालट घडविण्याची शक्ती मौखिक परंपरेत असते, आणि लिखित पाठावर पोसलेल्या समीक्षेला ती दिसणे अवघड जाते.

प्रसंग काढून घेतला की हा पालट उलट दिशेने होतो. स्टुडिओतील ‘मा रेवा’ संथपणे सुरू होते, क्रमाने लय चढते, आवाज आणि तालवाद्ये एकमेकांना वर ओढत नेतात, आणि श्रोत्याला जे मिळते ते उत्कट भक्तिगीत. मराठी श्रोत्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. गो. नी. दांडेकर यांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’पर्यंत मराठी मध्यमवर्गाच्या मनातील नर्मदा ही परिक्रमेची नदी आहे. तिच्या काठाने चालणारा यात्रिक हा त्या लेखनाचा नायक. काठावर राहणारा माणूस हा त्याला भाकर देणारा किंवा वाट दाखविणारा. या वाचनावर वाढलेल्या श्रोत्याचे अपेक्षाक्षितिज ‘मा रेवा’ला तत्काळ परिक्रमेच्या पदात बसवते. बँडचा हेतू तो नव्हता. परंतु ज्या श्रोत्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच निषेध ऐकू यावा आणि इतरांना नुसती आळवणी, अशी गाण्याची घडण झाली, याची जबाबदारी घडविणाऱ्यांकडेही जाते. ‘कंदीसा’मध्ये राखलेले अंतर येथे राखलेले नाही. येथे श्रोत्याला सरळ आत घेतले आहे, आणि आत आल्यावर आपण कोणाच्या घरात आलो हे त्याला सांगितलेले नाही.

महाराष्ट्राच्या बाजूने पाहता हा प्रश्न अधिक टोकदार होतो. सरदार सरोवराच्या बुडिताने बाधित झालेली महाराष्ट्रातील ३३ गावे अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील. १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते, नंतर नंदुरबारमध्ये गेले. मणिबेली हे त्यांतले पहिल्याने बुडिताला सामोरे गेलेले गाव. ही गावे भिल्ल आणि पावरा आदिवासींची. त्यांच्या भाषा भिलोरी आणि पावरी. त्यांची दीर्घ गाणी, विशेषतः इंदलसारख्या प्रसंगी रात्रभर चालणारा गायणा, नदीला वेद-पुराणांच्या साक्षीने ओळखत नाहीत. ‘मा रेवा’तील नदी निमाडच्या सपाट, शेतीसंपन्न काठाची आणि तेथील वैष्णव भक्तीची नदी आहे. एका खोऱ्यात अनेक नद्या वाहतात असे म्हणावे लागेल. त्यांतली जी महानगरी कानाला आधीच परिचित होती, तीच संग्रहात आली. विविधतेसाठी नावाजलेल्या संग्रहातील ही निवड विविधतेच्या विरुद्ध जाणारी आहे. आंदोलनाने याच काळात आदिवासी मुलांसाठी जीवनशाळा चालविल्या, त्यांतून मुलांच्या बोलींना शिक्षणात जागा दिली. म्हणजे आदिवासी बोली चळवळीत गैरहजर नव्हती. ती गैरहजर राहिली ध्वनिमुद्रणात.

यापेक्षा निराळी, पण तुलनेला सोयीची स्थिती मुंबईच्या पूर्वेकडील खाडीकाठावर सापडते. नेरुळमधील सारसोळे हे मूळचे कोळ्यांचे गाव. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, आणि सारसोळ्यासारखी गावे सेक्टरांच्या आखीव रचनेत बेटांप्रमाणे उरली. संपादनाविरुद्धच्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. या सर्व काळात मराठी घराघरांत ‘कोळीगीत’ ऐकले जात होतेच. पण कोणते? ‘मी डोलकर’ किंवा ‘वादळवारं सुटलं गो’ ही शान्ता शेळके यांची शब्दरचना, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत. गीते म्हणून ती निर्दोष आहेत. ठेका कोळ्यांचा, समुद्र कोळ्यांचा, क्रियापदांची ढबही त्यांचीच. मात्र ‘मी’ म्हणणारा डोलकर हा एका समर्थ कवयित्रीने निर्माण केलेला निवेदक आहे. त्याची होडी समुद्रात आहे, त्याची जमीन कोणी मागत नाही. दुसरीकडे आगरी-कोळी वस्त्यांत हळदीच्या रात्री बेंजोवर वाजणारी गाणी गावाची नावे घेतात, नातलगांची नावे घेतात, ऐकणाऱ्याला नावानिशी हाक मारतात. ती साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येत नाहीत, कारण त्यांना ‘संहिता’ नाही असे समजले जाते.

शान्ता शेळके यांनी कोळ्याचा आवाज कल्पिला; ‘इंडियन ओशन’ने खोऱ्यातला आवाज आणला. दुसरी रीत नैतिक दृष्ट्या अधिक जबाबदारीची वाटते, आणि तशी ती आहेही. परिणामाच्या पातळीवर मात्र दोन्हींत एक साम्य उरते. निवेदक खोऱ्याचा असो की कल्पित असो, श्रोत्याला हाक मारून ‘तू कोण?’ असे विचारणारा घटक दोन्ही गीतांत नाही. हळदीच्या गाण्यात तो आहे. मोर्चातल्या ‘हिल्ले ले’तही तो होता.

हिंदी गाण्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ‘कौन’ आणि ‘क्या मालूम’ ही दोन्ही शीर्षके प्रश्नार्थक असावीत हे लक्षणीय आहे; जेथे शब्द उसने नाहीत, स्वतःच्या वर्तुळातले आहेत, तेथे बँडचा स्वर अनिश्चिततेचा होतो. दुसऱ्यांच्या गाण्यांत देव आहे, नदी आहे, फौज आहे. स्वतःच्या गाण्यांत प्रश्नचिन्ह. हे दुबळेपणाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. उलट या प्रश्नांमुळेच उरलेल्या गाण्यांतील ठाम संबोधनांची भूक समजते: ज्यांना स्वतःचा संबोधित सापडलेला नाही, त्यांनी तो इतरांच्या गाण्यांत शोधला. वाद्यवादनाकडून शब्दाकडे झालेली पहिल्या संग्रहापासूनची वाटचालही याच शोधाचा भाग म्हणून वाचता येते. ‘लीव्हिंग होम’ ही शब्दाविना रचना या संदर्भात संग्रहाचा निवांत कोपरा आहे. तेथे कोणाच्याही वतीने बोलावे लागत नाही आणि वादक खुलून वाजवतात.

असीम चक्रवर्ती यांचे डिसेंबर २००९ मध्ये निधन झाले; सुश्मित सेन २०१३ मध्ये बँडमधून बाहेर पडले. नव्या गायक-वादकांसह बँड गात राहिला आणि ‘मा रेवा’ त्याच्या मैफलींतून गेले नाही. ध्वनिमुद्रित पाठ २००० सालचाच राहिला, त्याच्याभोवतीचा प्रसंग बदलत गेला. संग्रह निघाला त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने धरणाचे बांधकाम पुढे नेण्यास अनुमती दिली, भिंत १३८.६८ मीटर या अंतिम उंचीला पोचली. सप्टेंबर २०१७ मध्ये प्रकल्पाचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. निमाडमधील ज्या काठावर या गीताची बोली बोलली जाते, तेथील गावांतही पाणी शिरले. त्या काठाच्या खालचे पाणी आता खळाळत नाही. ते साठलेले आहे. ध्वनिफितीवर ते अजून वाहते, आणि ऐकणाऱ्याला तारखा ठाऊक असतील तर संहितेतील स्तुतिपर वर्तमानकाळ भूतकाळासारखा ऐकू येतो.